माझी जागा धर

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण किणकिणलं आणि थांबलं.

घरात शांतता होती म्हणूनच ते ऐकू आलं. सासूबाई भिंतीला टेकून डुलक्या घेत होत्या. धाकटी सून आपल्या लेकीला, चिमणीला, मांडीवर घेऊन भरवत होती. हातातला घास हातातच राहिला.

"आई, सुरुंग लागला?" चिमणीनं विचारलं.

"नाही गं. सुरुंग बंद झालेत ना आता?"

"मग झाकण कुणी वाजवलं?"

"उंदीर असेल. आ कर."

"आधी फुंकर."

धाकटीनं घासावर फुंकर मारली. जेवण केव्हाच निवलं होतं, तरी मारली. पोरीचा हट्टच तसा होता. घासागणिक आईची फुंकर पडली पाहिजे, नाहीतर ओठ घट्ट. "नवऱ्याकडून तरी एवढे लाड करून घेतलेस का गं कधी?" असं थोरली जाऊ चिडवायची, तेव्हा ही चिमणीकडे बघून हसायची.

आज हसू आलं नाही. टेकडीमागच्या खाणीत रोज दुपारी सुरुंग लागायचा तेव्हा घरातली सगळी भांडी एकदम बडबडायला लागायची, ते तिला पाठ होतं. पण गावातल्या बायका रस्ता अडवून बसल्यापासून दारूगोळ्याचा ट्रक पलीकडेच अडकला होता, आणि खाण मुकी झाली होती. मग झाकण का वाजावं?

तिनं तळवा जमिनीवर टेकवला. खालून काहीतरी येत होतं. हादरा म्हणावा तर हादरा नव्हता. हलकंसं, ठेक्यात, एखाद्या मुलाला थोपटून निजवावं तसं.

जमीन खचत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. खाली एवढं पोखरून ठेवलंय, खचणारच. पातेल्यावरचं झाकण काढून तिनं बाजूला ठेवलं आणि ठिय्यावर जायला निघाली.

गावाला आता एकच वाट उरली होती. उत्तरेला खाणीचा खड्डा, पूर्वेला तिथून उपसलेल्या मातीचे डोंगर, बाकी सगळीकडे कंपनीचं काटेरी कुंपण. कुंपण रोज थोडं पुढे सरकायचं, पण केव्हा सरकलं ते कुणाला दिसायचं नाही. काल शेतात खुरपं विसरलं म्हणून आणायला जावं, तर शेत तारेच्या पलीकडे गेलेलं असायचं. उरलेली वाट टेकडी आणि खड्डा यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून बाहेर जायची, आणि त्या फटीत बायका खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. कंपनीला आत येता येत नव्हतं. खरं सांगायचं तर यांनाही बाहेर जाता येत नव्हतं. धाकटीचा नवरा शहरात कामाला होता, तो फोनवर "कशी आहेस" विचारायचा आणि ही म्हणायची, "आहे तिथेच आहे."

पलीकडे ट्रकवाले यंत्रं सुरू ठेवूनच थांबलेले असायचे. रांगेत ट्रक जाईल एवढी फट दिसली की घुसायचं, एवढाच त्यांना हुकूम. आणि एकदा का ते आत घुसले, तर पहिलं घर धाकटीचं. वाटेच्या तोंडाशीच होतं ते.

पण बायकांना घरं होती, पोरं होती, चुली होत्या. चोवीस तास बसणार कोण? तेव्हा थोरलीनंच सुरुवातीला थट्टेत म्हटलं होतं, "घरी जाताना जागेवर दगड ठेवा बायांनो. आपल्या नवऱ्यांपेक्षा तरी जास्त उपयोगी पडेल." सगळ्या खो खो हसल्या आणि खरंच दगड ठेवायला लागल्या. पुढे त्याची रीतच झाली. उठणारीनं आपल्या अंगणातला नाहीतर शेतातला दगड जागेवर ठेवायचा आणि म्हणायचं, "माझी जागा धर." परत आल्यावर दगड उचलायचा आणि जिथून आणला तिथेच नेऊन ठेवायचा. ही शेवटची अट सुईणीनं घातलेली होती. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातून जगात आलेली. ती म्हणाली होती, "कामाला बोलावलं, तर घरी पोचवायला नको? त्यालाही घर असतं." यावरही हसल्या होत्या, पण पाळत होत्या सगळ्या.

धाकटीचा दगड विहिरीजवळचा होता, चपटा, पिवळसर. परवाच्या दिवशी ती तो आणायला गेली तर विहीर कुंपणाच्या पलीकडे. ती तारेला धरून उभी राहिली. रडली नाही. फक्त हाताला तार टोचली ते घरी आल्यावर कळलं.

आज झाकण वाजलं, त्याच दुपारी शेजारीण धापा टाकत ठिय्यावर आली. "अगं धाकटे, पोरगी उलट्या करतेय! सासूला सुचेनासं झालंय, ऊठ आधी!"

धाकटी उठली. जागेवर ठेवायला हाताशी दगड नव्हता. समोर ट्रकवाला मान उंचावून बघत होता. रस्त्याच्या कडेला कंपनीच्या लाकडी पेट्या पडल्या होत्या. बाहेर नेताना बायकांनीच अडवून उतरवलेल्या. त्यांत यंत्रानं जमिनीच्या पोटातून काढलेले लांबट, गोल, गुळगुळीत दगड होते. गावात त्यांना लाटणी म्हणायचे. ठिय्याच्या आधी, घरात चणचण होती तेव्हा, धाकटी कंपनीच्या तंबूत हीच लाटणी धुवायच्या कामावर होती. वरची ती आधी, खोलातली ती नंतर, अशी पेटीत लावून ठेवायची. खोलातली हाताला कोमट लागायची. यंत्रवाला म्हणायचा, घर्षणानं तापतात. पण दुसऱ्या दिवशीही ती कोमटच असायची, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून करायचं काय?

तिनं हाताला लागलं ते लाटणं उचललं. काळं, मधोमध बांगडीसारखी पांढरी रेघ. हे तिनं स्वतः धुतलेलं होतं; तिच्याच शेतातलं, सगळ्यात खोलातलं. जागेवर उभं केलं.

"माझी जागा धर," म्हणाली आणि पळत सुटली.

पोरीला फार काही झालं नव्हतं. पोट बिघडलं होतं. तिला निजवून धाकटी परतली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

"कुठे निघालीस?" थोरलीनं विचारलं.

"निघाले कुठे? आले आत्ता. चिमणी बरी आहे."

थोरलीनं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "आलीस कुठून? दुपारभर माझ्या खांद्याला खांदा लावून बसलीयेस. एक शब्द बोलली नाहीस, म्हटलं पोरीची काळजी लागलीय. अंग तापलंय गं तुझं, एवढं सांगितलं तुला."

"चेष्टा पुरे वहिनी."

"मी चेष्टा करते तेव्हा माणसं हसतात, धाकटे."

जागेवर लाटणं उभं होतं. त्याच्याभोवतीची धूळ दबलेली होती. मांडी घालून बराच वेळ कुणी बसावं तशी.

आता ते परत कुठे ठेवायचं? पेटीत ठेवून चालणार नव्हतं, ते पेटीचं नव्हतं. सांजावताना धाकटी ओढ्याच्या बाजूनं कुंपणाखालून सरपटत आपल्याच शेतात चोरासारखी शिरली. विहिरीजवळ ते लाटणं काढताना यंत्रानं पाडलेलं भोक होतं. ते सिमेंटनं बुजवलेलं होतं, वर लोखंडी झाकण ठोकलेलं. तिनं लाटणं झाकणावर ठेवलं.

झाकण किणकिणलं.

तेच, घरातल्या पातेल्यासारखं. खालून थोपटल्यासारखं. ती मागे न बघता घराकडे पळाली.

घरी चिमणी चटईवर पडली होती. "चल, दोन घास खाऊन घे," धाकटी धाप आवरत म्हणाली.

"पुन्हा?"

"पुन्हा म्हणजे?"

"आत्ताच भरवलंस की." चिमणी कुशीवर वळली. "तुझे हात गरम होते. आणि तू फुंकर मारलीच नाहीस. मी सांगितलं तरी मारली नाहीस. जीभ भाजली माझी."

धाकटीनं सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना डोळ्यांनी अंधुकच दिसायचं. त्या म्हणाल्या, "भरवलंस की गं. ताट तूच उचललंस. बोलत का नाहीस म्हणून मीच विचारलं तुला."

ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. धाकटीनं हात लावला. कोमट होतं.

त्या रात्री तिनं चिमणीला पोटाशी घट्ट धरून दाराला पाठ लावली. बाहेर जायला वाट नव्हती. जाणार तरी कुठे, रस्ता तर त्यांनी स्वतःच अडवला होता.

सकाळी ठिय्यावर गेली, तर तिच्या जागेवर लाटणं उभं.

"हे कुणी आणलं?"

"तूच," थोरली म्हणाली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तिचाच आवाज खाली आला. "तूच आणलंस ना, धाकटे?"

तेवढ्यात वळणावरून यंत्राचा आवाज आला. नेहमीचे ट्रक नव्हते. घराएवढं पिवळं धूड, पुढे रुंद पोलादी पातं, मागे पोलिसांच्या गाड्या. कर्ण्यातून कंपनीच्या साहेबाचा आवाज. "रस्ता मोकळा करा. ही शेवटची सूचना आहे."

"बसा!" थोरली ओरडली. "एकीनंही हलायचं नाही!"

धाकटी लाटणं मांडीत घेऊन जागेवर बसली. दुसरीकडे ठेवायला सवडच नव्हती. शेजारणीनं तिच्या हातात हात गुंफला. पातं पुढे सरकलं. थांबलं. पुन्हा सरकलं. खडी चिरडल्याचा आवाज दातांत जाणवत होता.

मागे वळलं तर घर दिसत होतं. दारात चिमणी उभी होती, आजीचं बोट धरून.

मी उठले तर फट पडेल. नाही उठले तर पोरीचं कोण? पातं आता इतकं जवळ आलं होतं की त्यावरचा गंज दिसत होता. तिनं मान खाली घातली. दगडाला ओठ टेकले. कुठल्याही आईनं त्या क्षणी जे मागितलं असतं तेच तिनं मागितलं.

"मी इथे बसते," ती पुटपुटली. "तू घरी माझी जागा धर."

मांडीतलं ओझं एकदम हलकं झालं.

पातं तिला लागलं.

दुखलं नाही. यंत्र गुरगुरलं. चाकं जागच्या जागी फिरली, धूर निघाला. पातं पुढे जाईना. चालकानं मागे घेऊन पुन्हा धडक दिली, तशी पोलादाची कड वाकली.

मग यंत्र बंद पडलं.

सगळं शांत झालं. साहेब खाली उतरला, वाकलेल्या कडेवरून हात फिरवला आणि गाडीत जाऊन बसला. गाड्या वळल्या. ट्रकही एकामागून एक वळले.

बायका ओरडल्या, रडल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. थोरली तर नाचलीच. धाकटीलाही उठायचं होतं.

उठता येईना.

पाय वळले असतील. थोड्या वेळानं येईल उठता.

"वहिनी," तिनं हाक मारली. हाक बाहेर पडली नाही.

"चल गं धाकटे," थोरली म्हणाली. तिच्याकडे बघून नव्हे. तिच्या मागे बघून.

मागून कुणीतरी पुढे आलं. तीच चप्पल. टाचेवर तोच जुना व्रण. ती काही बोलत नव्हती, फक्त हसत होती, आणि थोरलीनं तिच्या खांद्यावर हात टाकला तेव्हा चटका बसल्यासारखा पटकन काढून घेतला.

घराकडून चिमणी धावत आली. त्या दुसरीनं हात पुढे केला. चिमणीनं तो धरला. दोघी चार पावलं घराच्या दिशेनं गेल्या.

चिमणी थांबली.

हात सोडवून घेऊन ती मागे आली. रांगेतल्या त्या जागेपाशी उकिडवी बसली, काळ्या दगडावरच्या पांढऱ्या रेघेवर तिनं बोट ठेवलं आणि भाजल्यासारखं मागे घेतलं.

मग वाकून, गाल फुगवून, तिनं त्यावर फुंकर मारली.

एकदा मागे वळून पाहिलं. ती दुसरी वाट बघत उभी होती. चिमणीनं तोंड दगडाच्या अगदी जवळ आणलं आणि तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं,

"आई, तू घरी कधी येणार?"