न चेपलेलं वर्तुळ

धावड्याच्या गायरानात दगडाच्या खदानीपुढे गवत किती उरलंय, याचा नकाशा महजबीनने करायला घेतला तेव्हा प्रश्न साधाच होता. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायची तर काहीतरी ताणलं जाणारच. मग आकार सांभाळायचा की क्षेत्रफळ? गवत मोजायचं, म्हणून तिने क्षेत्रफळ सांभाळणारं प्रक्षेपण, म्हणजे पृथ्वी कागदावर उतरवायची रीत, निवडलं. मोबाइलवरच्या नकाशांचं नेहमीचं प्रक्षेपण आकार जपतं. पण आपल्याकडे आठ एकरांचे नऊ करून दाखवतं.

पडताळणीसाठी तिने नेहमीप्रमाणे नकाशाभर सारखी वर्तुळं टाकली. क्षेत्रफळ सांभाळताना आकार बिघडतो, म्हणून अशा नकाशात ती थोडी चेपायला हवीत. सगळी चेपली. धावड्याच्या गायरानातलं तेवढं बांगडीसारखं गोल राहिलं. तिने ते बाजूला सरकवलं, लगेच चेपलं. परत आत आणलं, गोल.

कामाचं कंत्राट घेतलेला ऋषी पडद्यावर वाकला. मग म्हणाला, मोबाइलवालंच प्रक्षेपण लावा, त्यात सगळीच वर्तुळं गोल दिसतात, कुणी विचारणार न्हाई.

"त्यात क्षेत्रफळ फुगतं, सर. खदानीनं खाल्लेलं गवत कागदावर परत उगवंल. बिलकुल न्हाई देणार तसा."

"मंग हा एकच गोल कसा समजावून सांगणार, मॅडम?"

"समजावणार न्हाई. ठेवणार."

दुसऱ्या दिवशी छापील नकाशाची गुंडाळी काखेत मारून ती धावड्याला गेली. ऊन चढलं होतं. खदानीचा पांढरा धुरळा गवतावर बसला होता. मेंढरं राखणाऱ्या भुजंगने विचारलं, नकाशात मेंढरांची नावं टाकणार का; एक तर तुमच्या साहेबासारखंच दिसतंय. ती हसली. मग तिच्या लक्षात आलं, मेंढरं नकाशातल्या त्या गोल वर्तुळाच्या कडेपर्यंत चरत येत होती आणि तिथून माघारी वळत होती. पुढे तर हिरवं गवत गुडघाभर होतं.

ती आत गेली.

गवत हलत होतं, पण सळसळ ऐकू येत नव्हती. तिने दक्षिणेला पाहिलं. भोकरदनकडची शेतं दिसली. त्यापलीकडे केदारखेडा. त्याहीपलीकडे, दोन-अडीच तासांच्या रस्त्यावरचं जालना. क्षितिजाखाली बुडायला हवं होतं, ते बुडालं नव्हतं, जणू इथली पृथ्वी गोल नव्हतीच, सपाट होती. तिला तिथल्या तिच्या घराची गच्ची दिसली. दोरीवर ओढणी वाळत होती.

भुजंग कडेलाच थांबला होता.

"तिथून समदं दिसतं, ताई," तो म्हणाला. "मंग तिकडूनबी दिसतंच की."

ती घाबरली. पण कागद उलगडून तिथल्या खुणा बराबर जुळवल्याशिवाय बाहेर आली नाही.

ऋषीने फोनवर सांगितलं, ते वर्तुळ खोडा, न्हाई तर उद्यापासून येऊ नका. महजबीनने नकाशाखाली स्वतःचं नाव टाकलं. गवत किती कमी झालंय ते ठळक लिहिलं. एक प्रत कलेक्टर कचेरीला, एक धावड्याच्या ग्रामपंचायतीला पाठवून दिली. वर्तुळ तसंच ठेवलं.

संध्याकाळी ती कपडे काढायला गच्चीवर गेली.

उत्तरेला, घरांच्या वर, धावड्याचं हिरवं गवत दिसत होतं.

गवतात एक बाई उभी होती. काखेत नकाशाची गुंडाळी, चेहरा महजबीनचाच.

महजबीनने नजर खाली केली नाही. हातातले कपडे छातीशी धरून ती बघत राहिली.

तिकडच्या बाईने ओढणी डोक्यावरून सारखी केली आणि जालन्याच्या दिशेने चालायला लागली.