बर्फ नसलेल्या तळ्यावरचं बर्फघर

जानेवारीतला शनिवार होता आणि पाऊस धड पडतही नव्हता, थांबतही नव्हता. लंडनजवळच्या मिल्टन कीन्सचा पाऊस असाच चोरटा. घरी पोचून मोजे काढले की कळतं, आपण भिजलोय.

रस्त्याच्या टोकाला एका घराचं वाढीव बांधकाम चाललं होतं. दारात राडारोडा टाकायचा लोखंडी स्किप उभा होता. त्यात फुटकं प्लास्टर, जुना कमोड, आणि सगळ्यांत वर चंदेरी कागदाचे जाडजूड इन्सुलेशन बोर्ड, कोरे करकरीत. ऋजुताने घरमालकिणीला रीतसर विचारलं होतं. बाई म्हणाली होती, हवे तेवढे ने. म्हणून ऋजुता एक बोर्ड ओढायला लागली, तर बोर्ड येईना. जोर लावला, तर बोर्ड उलटा मागे जायला लागला. पलीकडून कोणीतरी ओढत होतं.

"सॉरी, आय आस्क्ड फर्स्ट," पलीकडचा म्हणाला.

"मी काल विचारलंय," ती दात खात पुटपुटली, मराठीतच, कारण राग तिला इंग्रजीत येत नसे. "काहून ओढून राहिला हा माणूस…"

पलीकडचा हात थांबला. बोर्डावरून एक चेहरा वर आला. पापण्यांवर पावसाचे बारीक कण, कानामागे पेन्सिल.

"मी पण काल विचारला," तो म्हणाला. मराठी लंगडत आली, पण आली. "सकाळी. तू दुपारी विचारली असशील."

ऋजुताने दुपारीच विचारलं होतं. पण हे कबूल करायला ती नागपूरहून इथवर आली नव्हती.

"तुला कशाला पाहिजे?" तिने विचारलं.

"घर बांधतोय. बर्फावर बसून मासे पकडतात ना… तो घर. तुला?"

"बेडरूमच्या भिंतीला. बुरशी आलीये." मग तिने मान वळवून रस्ता पाहिला, ओली झाडं पाहिली, आकाश पाहिलं. "बर्फ कुठेय?"

"नाहीये," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "तेवढा एकच प्रॉब्लेम आहे."

ती हसली. हसायचं नव्हतं, तरी हसली.

त्याचं नाव कबीर. जन्म इथलाच, धंदा किचन बसवण्याचा. नुसता बोर्ड चिकटवलास तर मागे आणखी बुरशी धरेल, असं सांगून तो तिच्या फ्लॅटवर आला आणि बाथरूमचा बंद पडलेला पंखा त्याने दहा मिनिटांत चालू केला. भाड्याने घरं देणाऱ्या एजंटने त्याच पंख्यासाठी तिला चार महिने झुलवलं होतं. 'खिडकी उघडी ठेवत जा' असा सल्ला दिला होता, तोही डिसेंबरात. भाडं वेळेवर घ्यायचं आणि बुरशी भाडेकरूच्या श्वासावर ढकलायची, ही या देशातली सभ्य लूट आहे. तिला चोरी म्हणायची सोय नाही, कारण ती ईमेलवर होते आणि खाली 'काइंड रिगार्ड्स' असतं.

"आता मला माझा बोर्ड दे," कबीर म्हणाला.

"घर दाखव, मग देते."

घर त्याच्या आईवडिलांच्या गॅरेजमध्ये होतं, एका जुन्या ट्रेलरच्या सांगाड्यावर. सहा फूट लांब, पाच फूट रुंद, माणूस जेमतेम उभा राहील एवढं उंच. लाकूड फेकून दिलेल्या पॅलेटचं, आतलं प्लायवूड किचनांच्या उरलेल्या तुकड्यांचं. म्हणून एक भिंत पांढरी, एक अक्रोडी आणि एक झगमगत्या लाल रंगाची, जो कुठल्यातरी गिऱ्हाइकाने ऐनवेळी नाकारला होता. आणि जमिनीत मधोमध, बादलीएवढं, गोल भोक.

"हे काय?" ऋजुताने विचारलं.

"व्हिडिओत होतं. कॅनडाचे लोक त्यातून बर्फ फोडतात आणि गळ सोडतात."

"आणि इथे काय दिसणार त्यातून?"

कबीरने जरा विचार केला. "चिखल."

घर त्याच्या बाबांसाठी होतं. मिलिंदकाकांनी तीस वर्षं बस चालवली आणि सगळे रविवार तळ्याकाठी गळ टाकून काढले. ऑक्टोबरात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. थंडीत उघड्यावर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून काका खिडकीत बसून रस्त्याकडे बघत. त्यांच्या क्लबच्या तळ्यावर चौदा मार्चला मासेमारी बंद होई, ती थेट जूनपर्यंत. कबीरला त्याआधी, कमीत कमी खर्चात, ऊबदार खोपटं बांधून बाबांना तळ्यावर न्यायचं होतं.

आत जाऊन ऋजुताने दार लावलं. पाच मिनिटांत छताला घाम सुटला. एक थेंब तिच्या नाकावर पडला.

"तू फट ठेवलीच नाहीस कुठे," ती म्हणाली.

"फट ठेवली तर थंडी येणार ना."

"अरे, आमच्या नागपुरात शेंबडं पोरही सांगेल. कूलर लावला की समोरची खिडकी थोडी उघडायची. हवा आली तशी जायलाही पाहिजे, नाहीतर खोली चिपचिप होते. माणूस श्वास सोडतो, त्याचं पाणी जाणार कुठे? खाली भोक, वर भोक. खालचं तर तू आधीच पाडून ठेवलंस, हुशार माणसा. त्याला जाळी लाव. आणि तो गॅसचा हीटर उचल इथून. बंद खोपटात तो पेटवलास तर काका थंडीने नाही, तुझ्या हुशारीने जातील."

कबीरने कानामागची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. "वरचा भोक कुठे पाहिजे, ते तूच दाखव."

पेन्सिल देताना बोटं लागली. त्याची बोटं खरखरीत होती आणि गरम. ऋजुताने छताजवळ गोल काढला. गोल काही गोल आला नाही.

मग दर शनिवारी ती यायला लागली. ती बोर्ड कापायची, तो सांध्यांना चंदेरी टेप लावायचा. सॉफ्टवेअर तपासणं हा तिचा पेशा, म्हणून तिने प्रत्येक बोर्डावर नंबर टाकला आणि वर जाणारा बाण काढला. लोणच्याची सँडविचेस खात दोघं ट्रेलरच्या काठावर बसत. पाऊस गॅरेजच्या पत्र्यावर बोटं वाजवत राही.

"तुला ऑफिसात कोणी आवडत नाही का?" एकदा त्याने टेप फाडत विचारलं. तिच्याकडे न बघता.

"आहे ना. कॉफी मशीन."

"तो तुझ्याशी बोलतो का?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळातल्या एका बाईने ऋजुताला बाजूला घेतलं. "मिलिंदरावांचा मुलगा ना? चांगला आहे गं, पण शिकला नाही बिचारा." त्या बाईच्या घरचं किचन याच बिचाऱ्याने बसवलेलं होतं आणि ती रोज त्यात उभी राहून लेकाच्या डिग्रीचं कौतुक फोनवर सांगत असे. आपल्या लोकांना हाताने काम करणारा माणूस हवा असतो, पण जावई म्हणून नको. ऋजुताने तिळगूळ तोंडात टाकला आणि तोंड बंद ठेवलं. नाहीतर हळदीकुंकू तिथेच संपलं असतं.

दोन शनिवारांचं काम, असं कबीर म्हणाला होता. तिसऱ्या शनिवारी ऋजुताच्या लक्षात आलं, चार नंबरच्या बोर्डाचा बाण खाली बघतोय.

तिने तो स्वतः लावला होता, बाण वर करून. टेपही कालचीच दिसत होती, लखलखीत. म्हणजे आठवड्यात कोणीतरी बोर्ड काढला होता आणि पुन्हा लावताना उलटा लावला होता. आणि कबीर कपाळ पुसत सांगत होता, "ही बाजू परत करावी लागणार… ओलावा आला होता."

तिने टेपचं नवीन रीळ त्याच्या हातात दिलं. घरी जाताना मात्र बससाठी न थांबता तीन मैल पावसात चालत गेली. का, ते विचारू नका.

असे आणखी पाच शनिवार गेले. एकदा बिजागरी उलटी बसली, एकदा दाराची रबरपट्टी 'हरवली'. ती रबरपट्टी ऋजुताला त्याच्या व्हॅनमध्ये सीटखाली दिसली. तिने ती पायाने आणखी आत ढकलली.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी तिला तीनशे मैलांवरच्या एडिनबराच्या ऑफिसातून तिकडच्याच बढतीचं पत्र आलं. टीम तिची, व्हिसा पुढच्या काही वर्षांचा, उत्तर सोमवारपर्यंत. शनिवारी तिने गॅरेजमध्ये सांगितलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

कबीरचा हात मोजपट्टीवर थांबला. "काँग्रॅच्युलेशन्स," तो म्हणाला. मग — "छान शहर आहे. खूप… जुना."

आणि तो आधीच तीनदा मोजलेली भिंत चौथ्यांदा मोजायला लागला.

तेवढ्यात घरातून गॅरेजमध्ये येणारं दार उघडलं. मिलिंदकाका, गळ्यात मफलर, हातात चहाचे दोन मग. खोपटाकडे पाहून त्यांनी विचारलं, "यंदा होतंय का रे, की पुढच्या वर्षी?" आवाजात टोमणा नव्हता, हाच घोटाळा झाला. टोमणा असता तर ऋजुता हसली असती. काका मग ठेवून परत खिडकीत जाऊन बसले.

"कबीर," ती म्हणाली. "चार नंबरचा बोर्ड उलटा आहे. पाच आठवडे झाले."

त्याच्या कानांचा रंग बदलला.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाही?"

"तू का नाही बोललास?" तिचा आवाज चढला. "आपण दोघं इथे बोर्ड काढतोय, बोर्ड लावतोय, आणि तो माणूस दोन महिने काचेतून लोकांच्या गाड्या मोजतोय. तू एकटा नाही, मीही. लाज वाटते मला. जे बोलायचं ते बोलायची हिंमत नाही, म्हणून म्हाताऱ्याला कोंडून ठेवलं आपण. ड्रिल दे इकडे. आज हे संपवायचं."

दोघांनी संपवलं. पाच वाजेपर्यंत. सीटखालची रबरपट्टी ती स्वतः जाऊन घेऊन आली.

रविवारी सकाळी खोपटं व्हॅनच्या मागे जोडून तळ्यावर नेलं. क्लबचे दोन म्हातारे छत्र्या घेऊन बघायला आले आणि दारातून आतली लाल भिंत पाहून माना हलवत गेले. काका आत बसले, पायावर घोंगडी, पोटाशी गरम पाण्याची पिशवी. समोरची झडप वर केली तर पाणी हातभरावर. त्यांनी गळ टाकला आणि खांदे खाली सोडले. ऑक्टोबरपासून वर चढून बसलेले खांदे.

काकांची खुर्ची आणि गळांचं सामान ठेवल्यावर आत जागा एकाचीच. म्हणून दोघं बाहेर, काठावर, पावसात. कबीरने आपलं जाकीट तिच्या डोक्यावर धरलं. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं.

"मी एक बोर्ड काढायचो," तो म्हणाला. "ओन्ली वन, दर शुक्रवारी. घर झाला असता तर तू कशाला आली असती? तू हुशार, तुझं मराठी पण बरोबर… मी तुला काय म्हणणार, नेक्स्ट किचन बघायला ये?"

"म्हणायचंस."

"आता म्हणतोय. आय लव्ह यू, ऋजुता. ते मराठीत कसा म्हणतात ते बाबांना विचारलं. ते म्हणाले, मी पण कधी म्हटला नाही, तुझ्या आईला विचार."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. "मी सकाळीच हो कळवलंय. एडिनबराला. कोणासाठीही मी ते सोडणार नाही, तुझ्यासाठीही नाही."

त्याने पाण्याकडे पाहिलं. मग हळूच — "तिकडे लोक जेवण कुठे बनवतात?"

"म्हणजे?"

"किचनमध्येच ना? मग मला काम आहे. बाबा मे महिन्यापर्यंत पूर्ण बरे होणार, आई आहे. मी जूनमध्ये येतो. तू… ये म्हटली तर."

ऋजुताने खिशातून फोन काढला. नागपुरात संध्याकाळ झाली असणार.

"कोणाला?" कबीर घाबरला.

"गप्प बस." पलीकडे फोन उचलला गेला. "आई, ऐक. मध्ये बोलू नको. मी एका मुलाच्या प्रेमात पडलेय. हो, मराठी. नाही, आयटीत नाही. इंजिनिअर नाही, एमबीए नाही. किचन बसवतो. हो, हाताने. तो इथेच उभा आहे, पावसात, आणि मला तो पाहिजे."

जाकिटाखाली दोघांनी फोनला कान लावले. पलीकडून आधी कुकरची शिट्टी ऐकू आली, थेट नागपूरहून.

"किचन म्हणजे," आई शेवटी म्हणाली, "आपल्या खालच्या दोन ट्रॉल्या वर्षभर अडकून राहिल्या आहेत. त्या सोडवता येतील का त्याला?"