दोन टिचक्या

१९८४ सालचा हिवाळा. अकरा जानेवारी, बुधवार. सकाळी आठ वाजता फौजदार ग्लास धुवायच्या खोलीत आला, बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हौदांत गरम पाणी सोडलं. तो फौजदार कधीच नव्हता. चेहऱ्याला हसायची सवय नाही म्हणून हॉटेलच्या स्वयंपाकघराने त्याला ते नाव दिलं होतं, आणि बावीस वर्षं त्याने ते मुकाट वापरलं होतं.

दुपारी एकला वरच्या दालनात मेजवानी होती. तीनशे ग्लास लागणार होते, लांब दांड्याचे, पातळ काचेचे. काही तडकलेले निघतात म्हणून दहा जादा घ्यायचे. हे ग्लास यंत्रात धूसर होतात, त्यामुळे सगळं काम हाताचं. आधी कोमट साबणपाणी, मग कढत पाणी, आणि वाफ निघत असतानाच सुती फडक्याने पुसायचं. शेवटी उजेडात धरून बघायचं. आदल्या आठवड्यात त्याच्या हातचा एक तडकलेला ग्लास वर गेला आणि एका पाहुण्याचा ओठ कापला. मॅनेजरने सांगून ठेवलं होतं की पुन्हा असं झालं, किंवा ग्लास वेळेवर आले नाहीत, तर घरीच बसायचं.

टिचक्या असता तर तो ग्लास वर गेलाच नसता. शेजारच्या हौदावर पूर्वी तो असायचा. पुसलेल्या प्रत्येक ग्लासला तो नखाने दोन टिचक्या मारायचा, त्यावरूनच त्याचं नाव पडलं होतं. एक का पुरत नाही, असं फौजदाराने एकदा विचारलं होतं.

"पहिल्यांदा विचारलं की काच खोटं बोलते," टिचक्या म्हणाला होता.

बद्द वाजलेला ग्लास तडकलेला समजून तो ओल्या फडक्यावर पालथा ठेवायचा. फौजदार असले चाळे करत नसे. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा होता. पण डोळ्यांनी आता साठी ओलांडली होती.

गेल्या ऑगस्टात एका सकाळी टिचक्याच्या छातीत कळ आली. फौजदाराने त्याला घरी पिटाळलं आणि दोघांचं काम एकट्याने ओढलं. दारातून वळून टिचक्या म्हणाला होता, "तुझा एक दिवस माझ्याकडे राहिला. फेडतो." संध्याकाळी तो गेल्याची बातमी आली.

बुधवारी सव्वानऊला इस्पितळातून सुनेचा फोन आला. फौजदाराची बायको पोटाच्या दुखण्याने दोन दिवस तिथेच होती.

"बाबा, ऑपरेशन आत्ताच करायचं म्हणतात. सही तुमचीच हवी. आई सारखं तुम्हाला विचारतायत."

साठ ग्लास झाले होते. ते डाव्या फळीवर रांगेत होते. अडीचशे बाकी. मॅनेजरपुढे हात जोडणं त्याच्या जिवावर आलं. त्याने नळ बंद केले, खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि मागच्या दाराने निघाला.

बारा वाजता बायको शुद्धीवर आली. त्याला बघून म्हणाली, "आज कामावर नाही गेलात?"

"जातोय," तो म्हणाला.

तो परतला तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. अर्ध्या तासात अडीचशे ग्लास होत नाहीत. सबब सांगायची नाही, किल्ली टेबलावर ठेवायची आणि निघायचं, असं त्याने रस्त्यातच ठरवलं होतं. भिंतीपलीकडे भाजी चिरणाऱ्या मावशी बोळात हात पुसत उभ्या होत्या.

"फौजदार, तुम्हीपण टिचक्या मारायला लागलात वाटतं. सकाळपासून ऐकतेय. दोन-दोन..." मग त्यांचं लक्ष त्याच्या कोटाकडे, बुटांवरच्या धुळीकडे गेलं. "तुम्ही... बाहेरून आलात?"

तो दाराशी गेला. कुलूप जसंच्या तसं होतं. त्याने ते उघडलं.

खोली वाफेने भरली होती. नळ बंद होते, पण हौदातल्या कढत पाण्यात हात घालवेना. उजव्या फळीवर ग्लासच ग्लास, एकावरही डाग नाही. मधल्या टेबलावर ओल्या फडक्यावर चार ग्लास पालथे होते. त्याने डाव्या फळीकडे पाहिलं. त्याच्या स्वतःच्या रांगेत दोन जागा रिकाम्या होत्या.

त्याने पालथ्यांतला एक उचलून खिडकीशी धरला. काच निर्मळ दिसली. नखाने टिचकी मारली. स्वच्छ नाद आला. थोडं थांबून दुसरी मारली.

ग्लास बद्द वाजला.

त्याने तो जपून परत पालथा ठेवला. तेव्हा त्याला उजव्या फळीच्या टोकाचा ग्लास दिसला. बाकीचे सगळे कोरडे होते, या एकाला आतून वाफ धरली होती. ती विरली. पुन्हा धरली. पुन्हा विरली... सावकाश, जिना चढून आलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

फौजदार जवळ जाऊन उभा राहिला. बाहेर वेटरांची पावलं वाजू लागली होती.

"बायको ठीक आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "तुझा दिवस फिटला."

काच निवळली. पुन्हा धूसर झाली नाही. त्याने तो ग्लास पुसला, दोन टिचक्या मारल्या आणि बाकीच्यांत ठेवला.