चुन्याची चौकट

मुलांनो, डोळे मिटा आणि एक शेत समोर आणा. हायवेवरचे कोहमाऱ्याचे ढाबे मागे टाकून आत वळलं की लागतं ते. मे महिना आहे. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, उन्हानं तडकल्यात, सावली काय ती मोहाच्या झाडाखाली. आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, मातीवर, पांढऱ्या चुन्याची मोठी चौकट. दिसली? उर्वशीलाही ती तशीच अचानक दिसली, आणि तिचं डोकं फिरलं.

चौकटीच्या जागी शेततळं खोदायचं होतं. सरकारी मदत मंजूर झाली होती, एका शेताला एकदाच मिळणारी. जेसीबी उद्या सकाळी येणार होता. वडील गेल्यापासून शेत उर्वशीच पाहायची, आणि दोन वर्षं ऐन धान निसवताना, लोंब्या बाहेर पडताना, पाणी दगा देत होतं. तळं चुकीच्या जागी गेलं असतं, तर ती चूक जन्माची होती.

चौकट आखणारा भूपेंद्र तिथंच टेप गुंडाळत होता. तिरोड्याकडच्या पवारांचा मुलगा, नवाच कृषी सहायक. पहिल्या भेटीत गोड बोलावं, असा उर्वशीचा स्वभाव नव्हता.

“साहेब, इथं कायले आखलं?”

पाणी उताराला येतं आणि सगळ्यात खोल कोपरा हाच, असं त्यानं नीट समजावलं. पुस्तकाप्रमाणं ते बरोबरच होतं.

“पानी येते इथं,” ती म्हणाली, “पन थांबत नाई. खाली मुरूम हाये.”

“कागदावर तर...”

“आमच्या कोहळी लोकायनं गावोगाव तलाव बांधले, तवा कोनता कागद होता?”

आणि तिनं त्याच्या हाती फावडं दिलं. एक खड्डा चौकटीत, एक वरच्या धुऱ्याजवळ, म्हणजे वरच्या रानातलं पाणी उतरतं त्या बांधाशी, दोन्ही गुडघाभर. उर्वशीची धाकटी बहीण मोनू, नऊ वर्षांची, हिनं हातपंपावरून पाणी आणलं. दोन्ही खड्ड्यांत सारख्या बादल्या ओतल्या आणि तिघं मोहाखाली बसली. भूपेंद्र खड्ड्यांकडे बघायचा, मग उर्वशीकडे... मग घाईनं पुन्हा खड्ड्यांकडे. मोनूनं ते मोजलं. सात वेळा.

सावली हातभर सरकली नाही तोच चौकटीतला खड्डा कोरडा पडला. धुऱ्याजवळच्या खड्ड्यात अजून आभाळ दिसत होतं.

भूपेंद्र कोरड्या खड्ड्यापाशी जाऊन वाकला. नोकरीला चार महिने झालेला माणूस. आता हा काहीतरी सबब काढणार, असं उर्वशीला वाटलं. त्यानं मोबाईल काढला आणि तिच्यासमोरच वरच्या साहेबांना सांगितलं, “सर, जागा मी चुकीची आखली. शेतवालीचं बरोबर आहे.” पलीकडून बरंच ऐकून घेतलं. मग चुन्याची थैली तिच्यापुढं धरली.

“आता तुमीच आखा.”

उर्वशीनं धुऱ्याजवळ नवी चौकट आखली. रेघ सरळ आली.

तळं तिथंच खोदलं गेलं, आणि नंतर भूपेंद्र वरचेवर येऊ लागला. तळ्याच्या पाळीवर गवत लावायला, बांध नीट करायला, आणि श्रावणापासून पाणी मोजायला. उर्वशीची आई, शांतीबाई, चहा ठेवता ठेवता गालात हसायची. शेवटी उर्वशीनंच छेडलं, “रोज मोजून पानी वाढते काय, साहेब?”

“पानी नाई वाढत,” तो म्हणाला, आणि तरी पुन्हा मोजायला वळला.

पोळा झाला. आजूबाजूच्या बांध्या सुकायला लागल्या, पण उर्वशीचं धान तळ्याच्या पाण्यावर डौलात निसवलं. गावातली माणसं तळं पाहायला येत, आणि भूपेंद्र प्रत्येकाला छाती फुगवून सांगे, “जागा यांनी काढली.” जणू तळं त्याच्याच घरचं.

एका सकाळी तो बूट काढून पाण्यात उतरला होता. खोली मोजायची पट्टी हातात, पँट गुडघ्यापर्यंत. उर्वशी पाळीवर उभी होती, मोनू तिच्या मागं. पट्टी न वाचताच तो म्हणाला,

“उर्वशी, तुमच्याशी लगन करीन म्हनतो.”

उर्वशीनं धानाकडे बोट केलं.

“मी हे शेत सोडून कुठंच जानार नाई.”

“सोडा असं कोन म्हनते? मीच येतो इथं.”

“लोक घरजवाई म्हनतील.”

“म्हनू द्या. कोनाच्या घरचा, हेही सांगतील ना?”

उर्वशीला हसू आवरलं नाही. तिनं खाली वाकून त्याला वर घ्यायला हात पुढं केला.

लग्नात नवरदेवाचे जोडे कोण पळवतं, हे मोनूला पक्कं ठाऊक होतं. तिनं पाळीवरचे दोन्ही बूट उचलले, छातीशी धरले, आणि धुऱ्याधुऱ्यानं घराकडे धूम ठोकली.