मोठ्या मरळीचे कल्ले

एका मरळीचे कल्ले मोजायचे, एवढ्यासाठी ज्योत्स्ना नांदेडहून मुदखेडच्या अंगाला, गोदावरीच्या या खडकाळ डोहावर आली होती. तीन वर्षांत तिनं बारा लहान मरळी तपासल्या होत्या. माशाचं अंग वाढतं, त्या मानानं कल्ले वाढतात का? वाढत नसतील, तर एवढ्या धुडाला श्वास पुरतो कसा? आता एक मोठी मरळ मिळाली की प्रबंध पुरा!

थर्माकोलच्या तराफ्यावर तिघं दाटीवाटीनं बसली होती. जाळं टाकणारी कोंडाबाई, बांबूनं तराफा रेटणारा तिचा दीर व्यंकट आणि मधे पेटी कवटाळून ज्योत्स्ना. कोंडाबाईनं गढूळ पाण्यात जाळं फेकलं. ओढताना तिचे दंड थरथरले. हातभर लांबीची मरळ!

"रोहू दिवसभर पळतो, त्याला मोठे कल्ले लागतात," ज्योत्स्ना हरखून म्हणाली. "ही दबा धरून बसते. कल्ले इवलेसे. वर येऊन हवेचा घोट घेते म्हणून निभतं. नाहीतर..."

"बुडून मरती," कोंडाबाई हसली. "तुमी कालिजात शिकलात म्याडम, आमी पाण्यात."

मरळ पेटीत सोडून, वर चार बोटं हवा राहील एवढंच पाणी घालून ज्योत्स्नानं पेटीचं झाकण लावलं.

वरच्या अंगाला कुठं पाऊस झाला होता कोण जाणे. नदी एकाएकी फुगली!

"वैनी, धरा!"

धाड! तराफा खडकावर आदळला. पेटी पाण्यात घसरली, झाकणाच्या जाळीतून भसाभसा पाणी शिरलं आणि ती तळाच्या कपारीत जाऊन रुतली. तराफा ओढून घेत तिघं कशीबशी खडकावर चढली. पेटीला बांधलेली दोरी ओढली. पेटी हलेना.

"ऱ्हाऊ द्या म्याडम," व्यंकट धापा टाकत म्हणाला. "पाणी उतरलं की काढू. मेली तरी कल्ले कुठं पळून राहिले?"

खरंच होतं ते. कल्ले मोजायला मरळीला मारावंच लागणार होतं.

तेवढ्यात कोंडाबाईनं बोट दाखवलं. खडकाच्या आडोशाला, संथ पाण्यात शेंदरी पिलांचा गोळा खालीवर करत होता. शेकडो पिलं!

"अगं माय! पिलावाली हाय ही. गढुळात दिसलंच न्हाई मला." तिनं कानाला हात लावले. "पिलावालीला आमी धरत न्हाई, म्याडम. हिच्यामागं यातलं एक बी जगायचं न्हाई."

मरळीला हवेचा घोट मिळून दहा मिनिटं होऊन गेली होती. ज्योत्स्नानं लाईफ जॅकेट भिरकावलं आणि दोरी धरली.

"म्याडम, येड्या झाल्या का!"

बुडी! अंधार. कान ठणकले. पेटी सापडली. कडी सापडेना! छाती फुटायला आली. ही कडी! दाबली. घट्ट. पुन्हा दाबली. झाकण उघडलं आणि काहीतरी जड, गुळगुळीत तिच्या मनगटाला घासून वर गेलं.

ज्योत्स्ना वर आली तेव्हा हातभरावर पाणी फुटलं. मरळीनं आ वासून हवेचा घोट घेतला आणि थेट पिलांखाली गेली. केवढी जिगर! एवढ्याशा कल्ल्यांवर एवढं अंग अन् एवढा संसार!

"आता तुमच्या डिग्रीचं हो?" व्यंकटनं विचारलं.

ज्योत्स्ना ऐकतच नव्हती. मरळ पुन्हा वर आली, तशी घड्याळाकडं बघत ज्योत्स्ना पुटपुटली, "चार मिनिटं." ओल्या अंगानं तिथंच बसून ती मरळीच्या पुढच्या श्वासाची वेळ मोजू लागली.

"व्यंकट, तराफा बांधून टाक," कोंडाबाई म्हणाली. "म्याडम इतक्यात हालायच्या न्हाईत."