बदक आणि मधमाशी

स्वतःचीच चूक निघावी म्हणून तपासणीचं यंत्र विकत घ्यायला निघालेली ती बहुधा जगातली पहिलीच बाई असावी. पेशाने दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवायची आणि संध्याकाळी हौशी (हॅम) रेडिओच्या सेटवर स्वतःचं उघडायची. तिथेच एका न पाहिलेल्या माणसाशी गट्टी जमली होती. फक्त त्याचा आवाज यायचा चिरका, बदकासारखा. मागच्या आठवड्यात ती तसं बोलून गेली, आणि बदक गप्प झालं.

दोघांपैकी एकाचा सेट ठरलेल्या लहरीवरून घसरला होता, हे उघड होतं. देवा, माझाच असू दे... निदान माफी तरी मागता येईल!

जुन्या उपकरणांच्या दुकानात सेट तपासायचा सिग्नल जनरेटर एकच होता, आणि तो एका उंच माणसाच्या मांडीवर बसला होता.

"मामा, ते पडद्यावर लाटा दाखवणारं नको," तो दुकानदाराला सांगत होता. "अचूक सिग्नल सोडणारं हेच द्या. एका बाईंना दाखवून द्यायचंय. बदक म्हणाल्या मला! वजनमाप निरीक्षक आहे मी. माझा काटा चुकेल?"

म्हणजे हेच ते बदक! पण ती साळसूदपणे म्हणाली, "आणि त्या बाईंचा आवाज कसा येतो हो?"

"डब्यात कोंडलेल्या मधमाशीसारखा."

"मग ऐकता कशाला?"

"रोज ऐकतो..." तो बटणाशी चाळा करत म्हणाला. "रागावलोय म्हणून बोलत नाही. ऐकायचं थोडंच सोडलंय –"

मामांनी आधी जनरेटर तापू दिला. "थंड यंत्र आणि तापलेला माणूस, दोघांचंही खरं धरू नये." मग निरीक्षकांचा सेट त्याला जोडला. चांगलाच घसरलेला निघाला.

"आता कुठल्या तोंडाने बोलू त्यांच्याशी?" तो पुटपुटला. कान लालबुंद.

"तोंडाचं मी बघते. पेशाच आहे माझा." तिने पिशवीतून आपला सेट काढला. "मामा, आता ही मधमाशी जोडा."

तो बघतच राहिला. तिचाही सेट घसरलेला होता... बरोब्बर उलट दिशेला!

मामांनी दोन्ही सेट जुळवले. तसा तो आपला सेट उचलून म्हणाला, "हे समोरासमोर जमायचं नाही," आणि थेट मागच्या अंगणात गेला. क्षणभराने तिच्या सेटमधून भरदार, देखणा आवाज आला –

"तुम्ही मला आवडता. मधमाशी होतात, तेव्हापासून."

तिने जुळवलेल्या सेटचं बटण हळूच, अगदी किंचित उलटं फिरवलं.

"पुन्हा म्हणा ना," ती म्हणाली. "नीट ऐकू आलं नाही."

आणि बदक पुन्हा म्हणालं.