डावीकडची रिकामी खुर्ची

सोलांजनं सवयीनं दोन पुड्या बांधल्या आणि सासूबाई, हर्मीनबाई, हसल्या. पावात लसणाचं सॉसेज, वर मोहरीची चटणी. एक पुडी नवऱ्याची, रेमीची, दुसरी कुणाची?

"अगं, यंदा गाडीत मिस्त्री नाही. विसरलीस?"

विसरली होती खरी. मोटारींच्या शर्यतीत चालकाशेजारी बसून मागे लक्ष ठेवणारा मिस्त्री त्या वर्षी, १९२५ साली, नियमानं बंद झाला होता. त्याची खुर्ची मात्र ठेवायलाच हवी होती.

"माणूस नको, खुर्ची हवी!" हर्मीनबाईंनी विणकामाची सुई नियम करणाऱ्या पॅरिसच्या दिशेनं रोखली. "काय एकेकाची डोकी!"

त्या डाव्या खुर्चीत बास्त्यां बसायचा. मागून वेगवान गाडी आली की रेमीच्या खांद्यावर दोन थापा मारायचा: बाजूला हो. इंजिनाच्या गोंगाटात बोलून उपयोग नसे, आणि जुन्या अपघातापासून रेमीची मान वळत नव्हती. बास्त्यां हिवाळ्यात न्यूमोनियानं गेला, त्यांची लेक लुसेट जन्मायच्या आधीच. आता त्याच्या जागी तळहाताएवढा आरसा आला होता.

"आरसा लसूण खात नाही, तेवढंच सुख," म्हणत रेमीनं लेकीचा मुका घेतला, दोन्ही पुड्या रिकाम्या खुर्चीत टाकल्या आणि निघाला.

ऊन छान पडलं होतं. बँड वाजत होता. इंजिनांत जळणाऱ्या एरंडेलाचा वास चिनारांच्या रांगेत घुटमळत होता. सोलांज दुर्बीण डोळ्यांवरून काढत नव्हती. मांडीवरची लुसेट मात्र बापाची गाडी समोरून गेली की हात हलवून खिदळायची.

"बापाला ओळखते हो," हर्मीनबाई म्हणाल्या.

सोलांजला वाटलं, पोरगी बापाच्या जरा डावीकडे बघतेय.

पुढच्या फेरीला गाडी वळणावरून आली, तेव्हा आरशाच्या जागी नुसती वाकलेली दांडी होती.

मागे धुळीतून एक लाल गाडी उसळत येत होती. रस्ता अरुंद, रेमी मधोमध. त्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"रेमी!" ती ओरडली. शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल.

रेमीचा डावा खांदा किंचित खाली दबला. बास्त्यांचा जड हात पडला की दबायचा, तसा.

गाडी कडेला सरली. लाल गाडी निघून गेली.

"बघितलंत, आई?"

"बघितलं की. छान वाट दिली."

"त्याचा आरसा गेलाय."

सुया थांबल्या. "आवाज आला असेल."

"त्याला? घरात हाक मारली तरी ऐकू येत नाही!"

पुढच्या फेरीलाही तेच. खांदा दबला. गाडी सरली.

लुसेट खिदळली.

रेमी पाचवा आला आणि पहिला आल्यासारखा नाचला. चेहरा काळाकुट्ट, डोळ्यांभोवती चष्म्याची पांढरी वर्तुळं. सोलांजनं त्याला घट्ट धरलं.

"आरसा पडल्यावर कसं केलंस?"

"पडला?" त्यानं अख्खं अंग वळवून दांडीकडे पाहिलं. "मी कुठं त्यात बघत होतो? नेहमीसारखं..." तो थांबला. मग हसला. "भूक लागलीय बुवा."

सोलांजला खुर्चीत एकच पुडी दिसली. "दुसरी पुडी कुठंय?"

"पडली असेल वाटेत."

त्याच्या कोटावर सगळीकडे धूळ होती. डाव्या खांद्यावरचं चामडं तेवढं पुसल्यासारखं चकाकत होतं. हर्मीनबाईंनी रुमाल ओला केला आणि खांद्यासकट त्याचं तोंडही खसाखसा पुसून काढलं. "दिसतोस कसा!"

जेवायला खानावळीकडे निघाले. बोळ अरुंद होता. मायलेक पुढे, सॉसेजवरून भांडत. मागे सोलांज, खांद्यावर लुसेट. त्यांच्यामागे कुणीच नव्हतं.

लुसेट बोळाच्या मागच्या टोकाकडे बघत खिदळली.

मग तिनं आपल्या इवल्या हातानं आईच्या खांद्यावर दोन थापा मारल्या.

सोलांजनं मागे पाहिलं नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि वाट दिली.

लसणाचा वास अंगाजवळून पुढे गेला.

पुढे चालणारा रेमी, बोलता बोलता, जरासा उजवीकडे सरकला.